दोन महिने म्हणजे साठ दिवस नव्हेत



या महिन्याचं संपादकीय मोर्चावर लिहायचं ठरलं होतं. मोर्चा चांगला झाला, त्याची बातमी आतल्या पानावर आहे. पण २ सप्टेंबरला सोमवारी जे घडलं ते आधी सांगणं आम्हाला जास्त गरजेचं वाटतं. कारण त्यात चूक आमची आहे, आणि तीच चूक उद्या तुमच्या पाड्यावर होऊ शकते.

आपल्या एका पाड्यावरची मावशी. नवरा वारलेला. दोन एकर वरकस जमीन, नागली आणि वरई घेते. ग्रामसभेनं तिचा दावा ठराव करून मंजूर केला होता. वरच्या, म्हणजे उपविभागाच्या समितीनं तो फेटाळायची शिफारस केली. कारण एका ओळीचं : पुरावा अपुरा. हा निर्णय झाला २२ एप्रिलला. कागद मावशीच्या हातात पडला १ जुलैला, आवणीच्या ऐन घाईत. तिनं अंगठा दिला, कागद डब्यात ठेवला आणि आम्हाला निरोप पाठवला.

आम्ही कागद वाचला आणि तिला सांगितलं, "मावशी, अपील करायला दोन महिने आहेत. आवणी उरकून घे, मग जाऊ." दोन महिने म्हणजे १ सप्टेंबर. त्या दिवशी रविवार होता, कचेरी बंद. म्हणून पहाटेची एसटी, मग लोकल करून सोमवारी आम्ही जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. बाबूनं कागद बघितला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिल फिरवली आणि म्हणाला, "मुदत साठ दिवसांची. आज त्रेसष्टावा. शुक्रवारी संपली."

आम्ही तिथंच उभ्या उभ्या बोटांवर मोजलं. जुलैचे ३० दिवस, कारण १ तारीख धरायची नाही. ऑगस्टच्या ३० तारखेला साठ भरले. बाबूचं बरोबर होतं. मावशी आम्हाला विचारत होती, "काय म्हणतो तो?" आम्हाला लवकर उत्तर देता आलं नाही.

आम्ही बारावी शिकलेली पोरं. शिबिरात लोकांना कायदा सांगतो. आणि साठ दिवस आम्हाला मोजता आले नाहीत. "दोन महिने" हा शब्द तोंडात बसलेला, तो तसाच मावशीला दिला. ही गोष्ट लपवून चालणार नाही. संघटना दुसऱ्यांच्या चुका छापते, तर स्वतःचीही छापली पाहिजे.

आता नीट समजून घेऊ.

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात लिहिलंय, ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर उपविभागाच्या समितीकडं आणि तिचा निर्णय मान्य नसेल तर जिल्हा समितीकडं साठ दिवसांच्या आत अर्ज करायचा. महिना हा शब्द तिथं नाही, दिवस आहे. आणि हे दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजायचे असं कायद्याच्या कलमात होतं. त्या हिशोबानं मावशीची मुदत २१ जूनलाच संपली असती. म्हणजे कागद हातात यायच्या दहा दिवस आधी. कागद न बघताच माणूस हरायचा. असं कितीतरी जणांचं झालं.

यावर देशभरातल्या संघटना बोलल्या, भांडल्या. मग ६ सप्टेंबर २०१२ ला नियम बदलले. आता नियम १२-अ सांगतो की दावा फेटाळला किंवा त्यात कमी-जास्त केलं तर ते दावेदाराला समक्ष कळवलं पाहिजे, आणि साठ दिवस मोजायचे ते कळवल्याच्या दिवसापासून. शिवाय समितीला वाटलं तर आणखी तीस दिवस वाढवून देता येतात. हे तीस दिवस आपला हक्क नाही, समितीच्या मर्जीवर आहेत. त्यांच्या भरवशावर बसू नका.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मावशीच्या कागदावर अंगठ्याशेजारी "१/७/१३" असं निळ्या पेनानं लिहिलेलं आहे. ते आम्ही लिहिलं नाही, कचेरीनं तर नाहीच. तिची नात आश्रमशाळेत आठवीला आहे. त्या दिवशी ती घरी होती. आजीनं अंगठा दिला तसं तिनं पुढं होऊन दोन्ही प्रतींवर तारीख टाकली. का टाकली विचारलं तर म्हणाली, "शाळेत पानावर पहिली तारीख टाकायची असती ना." एवढंच. पण ती तारीख नसती तर कागद एप्रिलमध्येच दिला होता असं कुणीही म्हणालं असतं, आणि आपल्याकडं दाखवायला काही नसतं. आज मावशीचं प्रकरण जे थोडंफार उभं आहे ते त्या पोरीच्या चार आकड्यांवर.

आता मोजायचं कसं ते बघू.

पहिली गोष्ट. ज्या दिवशी कागद मिळाला तो दिवस धरायचा नाही. दुसरा दिवस तो पहिला. 'पासून' म्हटलं की पहिला दिवस सोडायचा, असं १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्येच आहे. त्याच कायद्यात असंही आहे की शेवटच्या दिवशी कचेरी बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी दिलेला अर्ज चालतो. आम्ही रविवारचा आधार धरला तो यासाठीच. पण आमचा शेवटचा दिवस रविवार नव्हताच, शुक्रवार होता, आणि त्या शुक्रवारी कचेरी उघडी होती.

दुसरी गोष्ट. मूठ आवळा. करंगळीच्या हाडाचा उंचवटा म्हणजे जानेवारी, त्याच्या शेजारचा खड्डा फेब्रुवारी, पुढचा उंचवटा मार्च. उंचवट्याचा महिना ३१ दिवसांचा, खड्ड्याचा ३० चा, फक्त फेब्रुवारी २८ किंवा २९. चौथ्या उंचवट्यावर जुलै येतो. ऑगस्टला पुन्हा करंगळीपासून सुरुवात, म्हणजे तोही उंचवट्यावर. जुलै आणि ऑगस्ट लागोपाठ ३१ चे, दोघे मिळून ६२. डिसेंबर-जानेवारीचंही तेच. आमचा पाय या जुलै-ऑगस्टच्या उंचवट्यांवर अडखळला. आणि हे दोन वेळच आपल्या लोकांच्या सगळ्यात घाईचे. जुलैत आवणी, डिसेंबर-जानेवारीत अर्धा पाडा वीटभट्टीवर.

तिसरी गोष्ट, सोपी युक्ती. कागद मिळाला ती तारीख दोन महिन्यांनी ज्या दिवशी येते, त्यातून दोन दिवस वजा करा. १ जुलैचा कागद, १ सप्टेंबर, दोन वजा, ३० ऑगस्ट. १८ जुलैचा कागद, १८ सप्टेंबर, दोन वजा, १६ सप्टेंबर. कुठल्याही महिन्यात ही युक्ती तुम्हाला उशिरा पोचवणार नाही. कधी एक ते तीन दिवस लवकर पोचवेल, ते बरंच.

चौथी गोष्ट, वाराची. साठ दिवस म्हणजे आठ आठवडे आणि वर चार दिवस. कागद सोमवारी मिळाला तर साठावा दिवस शुक्रवार. गुरुवारी मिळाला तर सोमवार. मोजून आलेला वार याच्याशी जुळला नाही तर मोजण्यात कुठं तरी चूक आहे, पुन्हा मोजा.

हे सगळं पाड्यावरच्या बैठकीत सांगत होतो तेव्हा कुडाला टेकून बसलेला एक म्हातारा हसला. म्हणाला, "आठ बाजार न् चार दीस म्हना ना. एवढं काय त्यात?" खरंच आहे. आठवड्याचा बाजार कुणी चुकत नाही. कागद आल्यापासून सात बाजार झाले की आठव्याच्या आधी निघायचं, हे कुणालाही कळतं. मग चांदाचा विषय निघाला. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणजे दोन चांद झाले की ५९ दिवस होतात. साठाला एक कमी. आमच्या कॅलेंडरच्या दोन महिन्यांनी मावशीला बुडवलं, चांदाच्या दोन महिन्यांनी तिला एक दिवस आधी पोचवलं असतं. पण एक म्हातारी लगेच बोलली, "आषाढात चांद दिसतो कुठं?" तेही खरं. पावसाळ्यात चांदावर भरवसा नाही. तिनंच मग सांगितलं की तिची आई दोरीला गाठी मारायची. जितके दिवस तितक्या गाठी, रोज एक सोडायची. गाठी संपल्या की तो दिवस.

म्हणजे मोजणं आपल्याला नवं नाही. पेरणीपासून कापणीपर्यंतचे दिवस, गाभण गाईचे दिवस, लग्नाचे दिवस आपले लोक कॅलेंडरशिवाय मोजत आले. अडचण अशी झाली की शिकलेल्यांनी गाठी सोडल्या आणि कॅलेंडरही नीट धरलं नाही. आम्ही मधल्यामधे राहिलो.

जसे पुढचे दिवस मोजायचे तसे मागचेही मोजावे लागतात. आपल्या कायद्याची सगळ्यात मोठी तारीख मागची आहे. १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी हे विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. त्या तारखेच्या आधीपासून जमीन कसत असाल तरच हक्क. जे आदिवासी नाहीत, पण पिढ्यान् पिढ्या जंगलात राहतात, त्यांना त्या तारखेच्या मागं तीन पिढ्या दाखवाव्या लागतात. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली आहे, म्हणजे १३ डिसेंबर १९३०. चिरनेरचा जंगल सत्याग्रह २५ सप्टेंबर १९३० चा. त्या सत्याग्रहाला ७९ दिवस झाले तो हा दिवस. ज्यांच्या घरात चिरनेरची गोष्ट आजोबांच्या तोंडून आली त्यांनी ती जबाबात जरूर सांगावी.

आपल्याला तेवढं मागं जावं लागत नाही. पण चौकशीत साहेब विचारतो, "१३ डिसेंबर २००५ ला तुम्ही ही जमीन कसत होता का?" आपला माणूस म्हणतो, "साहेब, लई वर्सं झाली." साहेब लिहितो : निश्चित सांगता येत नाही. इथं दावा मरतो. नियम तेरामध्ये वडीलधाऱ्यांचा जबाब हा पुरावा म्हणून मोजला आहे. तो जबाब दिवसाला बांधला तर त्याला वजन येतं. कसा बांधायचा?

२६ जुलै २००५ चा पाऊस कोण विसरेल? मुंबई बुडाली तो. आपल्याकडं बांध फुटले, आवणी वाहून गेली. तो दिवस मंगळवार होता. तिथून वीस आठवडे मोजा. बरोबर वीस, एक दिवस इकडं नाही की तिकडं नाही. १४० दिवस होतात आणि मंगळवारीच १३ डिसेंबर २००५ येतो. त्या वर्षीची दिवाळी आठवा. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झालं, तोही मंगळवार. तिथून सहा आठवडे मोजले की पुन्हा १३ डिसेंबर. आणि त्या रात्री पौर्णिमेला दोनच दिवस उरले होते, चांद भरत आला होता.

मग जबाब असा देता येतो : "मोठ्या पुराच्या साली माझ्या या शेताचा बांध फुटला. तो मी दगड लावून पुन्हा बांधला. त्याच शेतात दिवाळीला नागली कापली. दिवाळीनंतर सहा आठवड्यांनी ती तारीख येते, तेव्हा खळं माझंच होतं." यात खोटं काही नाही, फुगवलेलं काही नाही. आपल्याला जे आठवतं तेच दिवसाला जोडून सांगायचं. ज्याच्याकडं पुराची आठवण नाही त्यानं ती उसनी आणू नये. पोराचा जन्म, घरातला मयत, बोहाडा, फॉरेस्टनं पीक उपटलं तो दिवस, स्वतःचं जे असेल ते सांगावं आणि तिथून मोजावं. खोट्या जबाबानं एकाचा नाही, अख्ख्या पाड्याचा दावा पडतो.

दिवस मोजायला शिका, असं आम्ही इतक्या कळकळीनं का म्हणतो? कारण मोजणं ज्याच्या हातात, त्याचं राज्य. आपल्या आज्यापणज्यांनी लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले आणि लग्नगडी म्हणून राबले. किती दिवस राबलो, किती उरले, हे मालकाच्या वहीत. त्या वहीतला शेवटचा दिवस कधी येतच नव्हता. १९४५ साली वारली उठले ते वेठीच्या विरुद्ध, आणि वेठ म्हणजे तरी काय? ज्याचा हिशोब आपल्याला मागता येत नाही असे दिवस.

आज वही कचेरीत आहे. आपल्याला साठ दिवस दिलेत आणि एकसष्टाव्याला दार लावतात. पण आपल्या दाव्यावर समितीनं किती दिवसांत निर्णय द्यायचा, याला अशी मुदत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांनी २००८-०९ मध्ये दावे टाकले, त्यांच्या हातात अजून कागद नाही. आपले दिवस मोजलेले, त्यांचे न मोजलेले. आमची मागणी साधी आहे : जो साठ दिवसांत दार लावतो त्यानं आपल्यासाठीही दिवस ठरवावेत. निर्णय झाला की अमुक दिवसांत तो घरी पोचलाच पाहिजे आणि त्यावर पोचल्याची तारीख कचेरीच्याच शिक्क्यानं पडली पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा, हक्काची तपासणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून हुसकावता येत नाही, हे याच कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिलेलं आहे. मुदतीच्या भीतीनं कुणी शेत सोडू नका.

मावशीचं पुढं काय झालं ते सांगतो. ६ सप्टेंबरला शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. अपिलाचा अर्ज आणि सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज, दोन्ही दिले. उशिराच्या अर्जात आम्ही खरं तेच लिहिलं : आवणीचे दिवस होते, कागद सत्तर दिवसांनी मिळाला, आणि मोजण्यात आमच्या कार्यकर्त्यांची चूक झाली. त्या दिवशी नव्या नियमांना बरोबर एक वर्ष झालं होतं. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेऊन आलो. तीस दिवसांची वाढ दिली तर ती २९ सप्टेंबरपर्यंत पोचते, आपला अर्ज त्याच्या आत आहे. समिती काय करेल ते अजून कळलेलं नाही. मावशी आम्हाला काही बोलली नाही. येताना एसटीत फक्त म्हणाली, "पुढच्या बाईला बरोबर सांगा."

ते सांगण्यासाठीच हे लिहिलं. बैठकीत पुढच्या गोष्टी ठरल्या आहेत, प्रत्येक पाड्यानं त्या पाळायच्या.

एक. कागद हातात आला की आधी तारीख, मग अंगठा किंवा सही. दोन्ही प्रतींवर. तारखेची जागा कोरी असेल तर अंगठा द्यायचा नाही. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराला हाक मारा.

दोन. त्याच संध्याकाळी दोरीला साठ गाठी मारायच्या आणि कागद असलेल्या डब्याला बांधायची. दुसऱ्या दिवसापासून रोज एक सोडायची. चाळिसाव्या गाठीला लाल चिंधी बांधायची. चिंधी आली की काम टाकून निघायचं. शेवटची गाठ ही एसटी चुकली, ताप आला, कचेरी बंद निघाली, यासाठी राखून ठेवायची.

तीन. अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पोचेवर तारीख दिसली पाहिजे.

चार. कार्यकर्त्यांनी यापुढं कुणालाही "दोन महिने" सांगायचं नाही. तारीख आणि वार सांगायचा, आणि दुसऱ्या कार्यकर्त्याकडून पुन्हा मोजून घ्यायचा.

जुलैमध्ये ज्यांना कागद मिळाले त्यांनी हा अंक वाचून झाल्यावर लगेच डबा उघडा. १८ जुलैला ज्यांच्या हातात कागद पडला त्यांचा साठावा दिवस १६ सप्टेंबर, सोमवार. शेजारच्या पाड्यावर वाचता येणारं कुणी नसेल तर हा अंक घेऊन तिथं जा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. दोरी सोबत न्या.